एक मीटर, तीन चुली

नागपूरला मानेवाड्याच्या बाजूला काकूंचं दुमजली घर आहे. खाली समोरच्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहतात, नवऱ्याच्या मागे मिळणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनावर. खालीच मागच्या बाजूला एक किरायेदार कुटुंब आहे: नवरा शाळेच्या व्हॅनवर ड्रायव्हर, बायको आणि दोन पोरं. वरच्या मजल्यावर दुसरं कुटुंब: नवरा एका गोदामात हिशेब लिहितो, बायको घरीच ब्लाउज, फॉल-पिकोची कामं घेते. म्हणजे तीन स्वयंपाकघरं, आणि जिन्याखालच्या लाकडी पाटीवर विजेचं मीटर एकच होतं. दोन्ही किरायेदारांना काकूंनी सबमीटर, म्हणजे फक्त त्यांचे युनिट मोजणारी खासगी मीटरं, लावून दिली होती. विजेचा दर कित्येक महिन्यांपासून ठरलेला, युनिटला १२ रुपये.

मे २०२४ च्या बिलात या मीटरवर ४८६ युनिट पडले आणि बिल सात हजारांच्या घरात गेलं. मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडला शिकवतो आणि काकू माझ्या आईच्या जुन्या मैत्रीण, त्यामुळे बिलाचा फोटो माझ्याकडे आला आणि पाठोपाठ फोन. "तू मास्तर होय नं बाप्पा विजेचा? मग सांग, एवढं बिल काहून येऊन राह्यलं? वरची दिवसभर मशीन चालवते. पाहून घे एकदा."

मी गेलो तेव्हा तिघांची तीन म्हणणी ऐकायला मिळाली. काकू म्हणाल्या, किरायेदारांकडून पैसे घेऊनही सव्वातीन हजार माझ्या अंगावर पडतात, मी एकटी बाई एवढी वीज कुठं जाळते? मागच्या वहिनी म्हणाल्या, बिलावर पहिल्या शंभर युनिटचा दर सहा रुपयांच्या आत छापलेला आहे आणि आमच्याकडून बारा घेतात, म्हणजे दुप्पट. वरच्या ताई काही बोलल्या नाहीत. त्यांनी सबमीटरच्या रीडिंगची वही पुढे केली. दर महिन्याच्या एक तारखेचा आकडा, पेनानं, एकही खाडाखोड नाही.

मला आधी वाटलं, कुठेतरी कुणीतरी चोरी करत असणार. हिशेब मांडल्यावर दिसलं की तिघंही खरं बोलत होते.

बारा रुपयांचा हिशेब

एप्रिल २०२४ पासून महावितरणचे घरगुती दर असे होते: पहिल्या १०० युनिटला ४.७१ रुपये, १०१ ते ३०० ला १०.२९, ३०१ ते ५०० ला १४.५५ आणि त्यापुढे १६.६४. प्रत्येक युनिटवर १.१७ रुपये वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा) वेगळा. महिन्याचा स्थिर आकार १२८ रुपये. या सगळ्या बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन आकार महिन्यागणिक बदलतो, म्हणून तो मी इथल्या सगळ्या हिशेबांतून बाजूला ठेवलाय.

लोकांना वाटतं, दर वाढला म्हणून बिल वाढलं. दर वाढलाच होता, त्यात वाद नाही. पण या घराचं दुखणं टप्प्यांत होतं. स्वस्तातले शंभर युनिट मीटरला मिळतात, कुटुंबाला मिळत नाहीत. तीन कुटुंबं एकाच मीटरवर असली की तिघांत मिळून शंभरच युनिट स्वस्त, पुढचे दोनशे दुप्पट भावाचे, आणि उन्हाळ्यात तीनशेच्या वर जे जायचं ते शुल्क धरून युनिटला सव्वाअठरा रुपये.

४८६ युनिटचं बिल होतं ६,८८१ रुपये. सरासरी युनिटला १४ रुपये १६ पैसे. मागच्या सबमीटरवर १४८ युनिट होते, वरच्या मजल्यावर १५६. बारानं गुणून काकूंना दोघांकडून मिळाले ३,६४८. उरले ३,२३३, ते त्यांच्या माथी. म्हणजे किरायेदारांना लूट वाटणारा बारा रुपयांचा दर मे महिन्यात काकूंना तोट्यात घालत होता. हिवाळ्यात मात्र उलटं. डिसेंबरमध्ये तिघांचे मिळून २४० युनिट होतात, सरासरी सव्वाअकराच्या आत येते, आणि काकूंना शे-सव्वाशे रुपये सुटतात. किरायेदारांच्या डोक्यात हिवाळ्याचा हिशेब बसलेला, काकूंच्या डोक्यात उन्हाळ्याचा.

तेच ४८६ युनिट तीन मीटरवर पडले असते तर? मागच्यांचं बिल १,४६९, वरच्यांचं १,५७५, काकूंचं १,९२१. एकूण ४,९६५. एकही दिवा कमी न लावता महिन्याला १,९१६ रुपयांचा फरक. हा आकडा मी कागदावर लिहिला तेव्हा वरच्या ताईंनी पहिल्यांदा तोंड उघडलं: "सर, हे खरं आहे?"

एवढं सगळं पाहून मी सोपा सल्ला दिला. बाराचा दर बंद करा, दर महिन्याला एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागा, जो भाव येईल तो सगळ्यांना सारखा. सल्ला चोख होता आणि पाच मिनिटांत पडला. मागचे भाऊ म्हणाले, "म्हणजे आता चौदा द्यायचे? मग बारा बरे होते नं." त्यांचंही बरोबर. शाळेच्या व्हॅनचा पगार सुट्टीत थांबतो. विदर्भात शाळा उघडायला जून संपत येतो. मे महिन्यात घरात पोरं दिवसभर, कुलर दिवसभर, बिल वर्षातलं सगळ्यात मोठं आणि मिळकत शून्याच्या आसपास. अशा माणसाला सरासरीचा न्याय समजावणं मला जमलं नाही.

रविवारची तपासणी

मग ठरवलं, आधी युनिट कुठे जातात ते पाहू. नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात तापते नऊ दिवस, सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी सकाळी सातला गेलो. सोबत मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र), टेस्टर आणि आयटीआयचे दोन विद्यार्थी.

इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक दिवा लुकलुकत असतो. त्याच्याजवळ युनिटला किती लुकलुक ते छापलेलं असतं. काकूंच्या मीटरवर ३२०० होतं. म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. घरातलं सगळं बंद करायचं, एकच वस्तू चालू करायची आणि घड्याळ लावून मिनिटाला किती लुकलुका होतात ते मोजायचं. मिनिटाला ५३ म्हणजे साधारण हजार वॉट. यासाठी कुठलंही यंत्र विकत घ्यावं लागत नाही, आणि मोजणाऱ्याला डोळ्यांनी दिसतं. दुसऱ्याचं सांगणं आणि स्वतः मोजलेलं यांत केवढा फरक पडतो, ते त्या सकाळी पाहिलं.

पहिली पाळी शिलाई मशीनची, कारण आरोपी तीच होती. ताई वर मशीन चालवत होत्या, काकू खाली मीटरसमोर स्टूल टाकून मोजत होत्या. मिनिटाला पाच. काकूंनी पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा पाच. मोटर शंभर वॉटची. दिवसभर घरघर ऐकू आली तरी खरी मोटर फिरते तीन तास, कारण बाकी वेळ कापणं, टाचणं आणि गिऱ्हाइकाशी बोलणं. महिन्याचे नऊ युनिट. जी वस्तू आवाज करते तिच्यावर घरात संशय जातो. गरम करणाऱ्या वस्तू बिचाऱ्या गुपचूप असतात.

वरच्या ताईंच्या ओट्यावर इंडक्शन शेगडी होती. चहा, दूध, सकाळचं वरण त्यावर, कारण सिलिंडर साडेआठशेच्या आसपास आणि तो पुरवून पुरवून वापरायचा. शेगडी लावली तर मीटरचा दिवा इतका भरभर लुकलुकला की काकूंनी मोजणं सोडून दिलं. दोन हजार वॉट, रोजची पंचवीस मिनिटं, महिन्याचे पंचवीस युनिट. इथे मी ताईंना एक आकडेमोड दाखवली. सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. बर्नरवर वाया जाणारी उष्णता सोडली तरी भांड्यात जाते ती सुमारे १०९ युनिट विजेएवढी. साडेआठशेला १०९, म्हणजे युनिटला आठ रुपयांच्या आत. इंडक्शनवर थोडंच वाया जातं, पण सव्वाअठराच्या टप्प्यातल्या युनिटचा भांड्यात पोहोचेपर्यंत भाव होतो एकवीसच्या वर. ताई बारानं पैसे देत होत्या, त्यांनासुद्धा तो चौदाला पडत होता. हेच इंडक्शन पहिल्या शंभर युनिटांत बसलं असतं तर गॅसच्या बरोबरीनं, आठ रुपयांना पडलं असतं. इंडक्शन स्वस्त की गॅस, या प्रश्नाला तुमचं मीटर कुठल्या टप्प्यात उभं आहे ते विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही. तरी रोज कुणीतरी देतंच.

मग काकूंच्या खोल्या. दोन्ही सबमीटरच्या लायनी मी आधीच बंद करून ठेवल्या होत्या. काकूंच्याकडचा फ्रिज, पंखे, टीव्ही, जिन्यातला बल्ब, पाण्याची मोटर, सगळं बंद. आता मीटर गप्प बसायला हवं. ते बसलं नाही. पंचवीस सेकंदांनी एकदा, न चुकता, दिवा लुकलुकत राहिला. पंचवीस सेकंदांना एक म्हणजे ४५ वॉट. चोवीस तास, महिनाभर धरलं तर तीसहून जास्त युनिट, आणि घरात एकही वस्तू चालू नाही.

तेव्हा मीटरकडे नीट पाहिलं. लुकलुकणाऱ्या दिव्याच्या बाजूला दुसरा एक लाल दिवा स्थिर लागलेला होता, त्याखाली अर्थ असं लिहिलेलं. फेजनं (वीज आणणाऱ्या तारेनं) आलेला करंट न्यूट्रलनं (परतीच्या तारेनं) परत येत नसेल, जमिनीत जात असेल, तर हा दिवा लागतो. काकू म्हणाल्या, "तो तर नेहमीच असते." माझ्या विद्यार्थ्यांनीही त्याला हिशेबात धरलं नव्हतं. मीसुद्धा तासभर त्याच्यासमोर उभा होतो, हे इथे लिहून ठेवतो.

एकेक प्लग काढत गेलो. समोरच्या खिडकीतल्या लोखंडी कुलरचा प्लग उपसला आणि लाल दिवा गेला. लुकलुकणंही थांबलं. कुलरचं बटण बंदच होतं. पण बोर्डात वायर उलटी जोडलेली होती, बटण न्यूट्रल तोडत होतं. त्यामुळे बटण बंद असलं तरी टाकीतल्या पाण्यात बुडालेल्या छोट्या पंपापर्यंत फेज जिवंत होता, पंपाचं इन्सुलेशन गेलेलं, आणि करंट पाण्यातून टाकीत, टाकीतून स्टँडवाटे ओल्या जमिनीत उतरत होता. प्लग दोन पिनांचा. अर्थिंगची तार कुलरच्या मागे गुंडाळून ठेवलेली.

मी विचारलं, "काकू, हात लावला की काही होत नव्हतं?"

"मुंग्या येत. म्हणून मी पाणी टाकताना चप्पल घालते."

विदर्भात दर उन्हाळ्यात कुलरचा शॉक लागून माणसं जातात, त्यात लहान लेकरं असतात. मागची दोन पोरं दुपारी याच खिडकीखाली खेळत. त्या दिवशी पुढची मोजणी आम्ही थांबवली. पंप बदलला, बोर्डातली वायर सरळ केली, तीन पिनांचा प्लग लावला, अर्थिंगची तार जागेवर गेली. संध्याकाळी मेन स्विचशेजारी ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीत गळाला की लाइन आपोआप तोडणारं स्विच, बसवलं. त्याला १,७०० रुपये लागले आणि काकूंनी त्यावरून घासाघीस केली नाही. ज्यानं ती जुनी जोडणी केली होती त्याचं नाव काकूंना आठवत होतं. मी ते विचारून घेतलं नाही.

आरसीसीबी पहिल्याच रात्री दोनदा पडलं, म्हणजे त्यानं लाइन तोडली. शोधल्यावर कळलं, काकूंच्या आणि मागच्या खोल्यांच्या न्यूट्रल भिंतीतल्या पाइपात कुठेतरी एकत्र केलेल्या आहेत. तात्पुरतं आरसीसीबी फक्त कुलर आणि बाथरूमच्या लायनीवर घेतलं. या एकत्र न्यूट्रलनं पुढे आणखी एक काम अडवलं, ते पुढे येईलच.

बाकीचं थोडक्यात. काकूंचा जुना फ्रिज भिंतीला चिकटून होता. दारात कागदाची पट्टी अडकवली तर ती अलगद निघून येत होती, म्हणजे रबर गेलेलं. रबराला ६०० रुपये गेले, फ्रिज वीतभर पुढे ओढला, आणि रोजचे १.९ युनिट १.४ वर आले. नवा पाच स्टारचा फ्रिज घ्या असं त्यांचा भाचा सांगत होता. एकट्या बाईच्या वापराला त्या पैशांची फेड व्हायला कैक वर्षं लागली असती. जिन्यातला साठचा पिवळा बल्ब रात्रभर जळायचा, तिथे सात वॉटचा एलईडी आला: १८ युनिटचे दोन झाले. विहिरीवरची मोटर टाकी भरून पाणी गच्चीवरून वाहेपर्यंत चालायची, तिला टाकी भरली की मोटर बंद करणारा फ्लोट बसवला: २५ चे १५. मागच्या घरात सेट-टॉप बॉक्स अहोरात्र चालू असायचा, तो आता टीव्हीसोबत मागच्या बटणावरून बंद होतो.

बीएलडीसी पंखे (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) घ्यावेत का, हे सगळ्यांनीच विचारलं. साधा पंखा ७५ वॉट खातो, हा तीसच्या आसपास. दिवसाला चौदा तास चालला तर महिन्याचे एकोणीस युनिट वाचतात. दुसऱ्या टप्प्यातले युनिट वाचले तर अडीचशे रुपये, पहिल्या टप्प्यातले वाचले तर एकशेतीस. मीटर वेगळं झालं आणि वापर शंभरच्या आत उतरला की त्याच पंख्याची किंमत फिटायला दुप्पट वेळ लागतो. म्हणून मी म्हटलं, आत्ता नको. जुना जळाला की तेव्हा घ्या. वरच्यांनी त्याऐवजी गच्चीला चुना मारला. त्यानं युनिट किती वाचले ते मला मोजता आलं नाही, पण ताई म्हणतात रात्री फरशीवर पाठ टेकवता येते.

वेगळं मीटर

युनिट कमी करणं एका रविवारचं काम होतं. मीटर वेगळं करायला पाच महिने लागले, आणि त्यातले चार काकूंच्या मनाची तयारी होण्यात गेले.

वीज कायदा २००३ च्या कलम ४३ प्रमाणे जागेचा मालक किंवा ती ताब्यात असलेला, दोघांपैकी कुणीही जोडणी मागू शकतो. काकूंना नेमकं हेच भ्याव होतं. "किरायेदाराच्या नावानं मीटर झालं की उद्या तो घरच माझं म्हणल." ओळखीतल्या एका घराचा किस्सा त्यांनी सांगितला, तो खरा होता की गल्लीत फिरून मोठा झालेला, देव जाणे. पण एकट्या बाईच्या नावावर एकच घर असेल तर तिनं एवढं घाबरणं मला अवाजवी वाटलं नाही. मी वाद घातला नाही. एवढंच विचारलं, किरायाचा करार कुठे आहे? शंभराच्या स्टॅम्पवर केलेला जुना कागद निघाला, मुदत कधीच संपलेली. मागच्यांशी तर तोंडीच बोलणं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असायला लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची. काकू मीटरला भीत होत्या आणि कराराविना बिनधास्त होत्या.

आणखी एक गोष्ट मला माहीत होती आणि ती सांगावी की नाही यावर मी महिनाभर अडून होतो. घरातल्या घरात छोटा व्यवसाय असला तरी घरगुती दर लागू राहतो, पण महिन्याला ३०० आणि वर्षाला ३,६०० युनिटांच्या आत वापर असेल तरच. ताईंचं शिवणकाम त्यांच्या एकट्या घराच्या वापरात आरामात बसत होतं. तीन घरांच्या सामायिक मीटरवर ते उन्हाळ्यात ३०० च्या बाहेर पडत होतं. हे काकूंना सांगितलं तर मीटर वेगळं करायला त्या राजी होतील, नाहीतर ताईंना खोल्या खाली करायला सांगतील. शेवटी ताईंना विचारून, त्यांच्यासमोरच सांगितलं. काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "हिच्यासारखी वही लिहिणारी किरायेदार मला पुन्हा भेटणार नाही."

सप्टेंबरमध्ये ११ महिन्यांचा करार रीतसर नोंदवला. वरच्या मजल्यासाठी अर्ज काकूंच्याच नावानं केला. जिना वेगळा, स्वयंपाकघर वेगळं, मालमत्ता कराच्या कागदात मजला वेगळा दाखवलेला, वायरिंगही स्वतंत्र, त्यामुळे अडचण आली नाही. दिवाळीच्या आधी मीटर लागलं. जोडणी, ठेव आणि मीटरपासून वरपर्यंतची वायर मिळून साडेसहा हजार लागले. निम्मे काकूंनी घातले, निम्मे ताईंच्या किरायातून थोडे थोडे वळते होतायत.

मागच्या खोल्यांना मीटर मिळालं नाही. दोन्ही घरांच्या मध्ये एक दार आहे, आणि ती भिंतीतली एकत्र न्यूट्रल. ती सोडवायची तर दोन्ही घरांचं प्लास्टर फोडून नवी वायर ओढावी लागेल. एवढा पैसा कुणाकडेच नव्हता. म्हणजे ज्यांची गरज सगळ्यात मोठी, त्यांचंच राहिलं.

त्यांच्यासाठी काकूंनी दुसरी तोड काढली आणि ती माझी नव्हे. मागच्यांचा वर्षाचा वापर सबमीटरवरून काढला, बिलाच्या सरासरी भावानं गुणला, बारा महिन्यांनी भागला. दरमहा १,१५० रुपये. जानेवारीत वापर कमी असला तरी तेवढेच, मे महिन्यात जास्त असला तरी तेवढेच, आणि दसऱ्याला सबमीटर पाहून मागचं-पुढचं चुकतं करायचं. व्हॅन उभी असते त्या दोन महिन्यांत आता त्यांच्यावर एकदम बोजा येत नाही. हातात पैसे आधीच असल्यानं काकूही बिल आल्या आल्या भरतात. पूर्वी किरायेदारांच्या पैशांची वाट पाहण्यात मुदत टळायची आणि सव्वा टक्का विलंब आकार लागायचा. बिलाच्या तारखेपासून सात दिवसांत भरलं तर शुल्क सोडून उरलेल्या रकमेवर एक टक्का सूट मिळते. मे २०२४ च्या बिलावर या दोन्हींतला फरक दीडशेला पाच रुपये कमी होता. छापील बिल बंद करून ई-बिल घेतलं, त्याचे महिन्याला दहा रुपये. काकू ते दहा रुपये दरवेळी मला दाखवतात.

एक कागद मात्र त्यांना अजून चक्रावतो. एप्रिल-मेच्या सुमाराला अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल येतं, गेल्या वर्षाच्या सरासरी बिलावरून काढलेलं. ते वीजबिल नाही, त्यावर व्याज मिळतं आणि ते हप्त्यांनी भरता येतं. पण रकाने तसेच, रंग तसाच, आणि येतं नेमकं सगळ्यात मोठ्या बिलाच्या पाठोपाठ. २०२४ मध्ये ते त्यांनी दुसरं बिल समजून दोन दिवस झोप उडवून घेतली होती.

मे २०२५

एप्रिल २०२५ मध्ये दर बदलायचे होते, पण त्या आदेशाला स्थगिती मिळाली आणि जूनअखेरपर्यंत जुनेच दर चालले. म्हणून दोन मे महिन्यांची तुलना सरळ करता येते.

वरच्या मीटरवर १३१ युनिट, बिल १,२४३. आधी ताई १५६ युनिटांचे १,८७२ देत होत्या. इंडक्शन बंद केल्यानं पन्नास दिवस पुरणारा सिलिंडर आता अडतीस दिवसांत संपतो, तो खर्च महिन्याला दीडशेच्या पुढे धरावा लागेल. खालच्या मीटरवर २५० युनिट, बिल २,८२५: त्यात मागच्यांचे १४०, म्हणजे १,५८२ रुपये, आणि काकूंचे जिना-मोटर धरून ११०, म्हणजे १,२४३. ताईंच्या आणि काकूंच्या रकमा रुपयाला रुपया सारख्या आल्या तेव्हा काकूंना वाटलं मी जुळवून आणलंय. मला दोनदा आकडेमोड करून दाखवावी लागली.

पूर्ण घराचं बिल ६,८८१ वरून ४,०६८ वर आलं. २,८१३ रुपये कमी. त्यातले १,९१५ रुपये युनिट घटल्यामुळे, ८९८ रुपये वरचं मीटर वेगळं झाल्यामुळे. सुरुवातीला मी मीटर वेगळं करण्यावर इतका भर देत होतो की हा आकडा पाहून जरा ओशाळलो. गळती, बल्ब, रबर, फ्लोट आणि एक शेगडी, या किरकोळ गोष्टींनी मीटरच्या दुप्पट काम केलं. त्याचंही कारण टप्प्यांतच आहे: हे १०५ युनिट सव्वाअठरा रुपयांच्या टप्प्यातून गेले. हिवाळ्यात तेवढेच युनिट वाचवले असते तर एवढे पैसे दिसले नसते.

आता काकूंनी सौरचं मनावर घेतलंय. शेजारी पॅनल लागले, आणि केंद्राच्या सूर्यघर योजनेत एका किलोवॉटला ३०,००० रुपये अनुदान आहे हे त्यांना तिथून कळलं. एक किलोवॉट म्हणजे रोजचे चारेक युनिट, महिन्याला एकशेवीसच्या आसपास. खालच्या मीटरच्या दुसऱ्या टप्प्यातले बहुतेक युनिट उडतील, आणि त्याचा फायदा मागच्यांनाही मिळेल. हिशेब जमतो, असं मी सांगितलं. गच्चीवर ऊन चांगलं आहे, सावली नाही, शंभर चौरस फूट जागा लागेल.

काकूंनी वर जाऊन पावलांनी गच्ची मोजली. खाली आल्या आणि म्हणाल्या, "अन् मी कुरड्या कुठं वाळू घालू?"